पोरांच्या हॉकीचा खेळखंडोबा

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या आइस हॉकीत पुन्हा कॉन्फरन्सची, म्हणजे आपसात खेळणाऱ्या संघांच्या गटांची, फोडाफोड? अरे, किती वेळा? 2013 मध्ये बिग टेन या कॉन्फरन्सनं स्वतःची हॉकी सुरू केली आणि मिनेसोटा-नॉर्थ डकोटा या विद्यापीठांच्या संघांमधली जुनी खुन्नसच तोडली. पुढची काही वर्षं नियमित मोसमात हे संघ समोरासमोर आलेच नाहीत! कुणाच्या भल्यासाठी?

मग 2021. सात कॉलेजं डब्ल्यूसीएचए या कॉन्फरन्समधून उठली, बंद पडलेली सीसीएचए ही दुसरी कॉन्फरन्स पुन्हा उभी केली. 1951 पासूनची पुरुषांची डब्ल्यूसीएचए खलास. आणि अलास्का? फेअरबँक्स, अँकरेज, तिथले दोन्ही कॉलेज संघ वाऱ्यावर! कॉन्फरन्स नाही, म्हणजे एकेका सामन्यासाठी मिनतवाऱ्या करायच्या, हजारो किलोमीटर उडायचं. ही कॉलेजची पोरं आहेत हो! यांनी वर्गात बसायचं कधी? त्यांना सामावून घ्यायला एवढं जड का जातंय?