स्क्रीन आपोआप बदलते, पण कशाकडे बघून?

अ‍ॅप बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. थोडक्यात असा: ‘रिअ‍ॅक्टिव्ह फ्रेमवर्क घ्या, साठवलेला डेटा बदलला की स्क्रीन आपोआप बदलते. शंका वाटली तर प्रत्येक सेव्हनंतर सगळं पुन्हा वाचा. अ‍ॅप चपळ वाटायला हवं असेल तर सेव्ह व्हायची वाट न बघता स्क्रीन आधीच बदला.’

‘आपोआप’ या शब्दापाशीच अडतं. फ्रेमवर्क लक्ष ठेवतं ते मेमरीतल्या प्रतीवर. डिस्कवरच्या डेटाबेसमधली ओळ, म्हणजे एखादी नोंद, कोणी बदलली, हे रिअ‍ॅक्टसारख्या फ्रेमवर्कला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

मग डेटाबेसच सांगेल, असं कोणी म्हणेल. एस्क्यूलाइट या अ‍ॅपमध्येच बसणाऱ्या डेटाबेसमध्ये त्यासाठी अपडेट हुक, म्हणजे ओळ बदलली की कळवणारी सोय, आहेही. पण तो डेटाबेसशी उघडलेल्या ज्या कनेक्शनवर लावला, त्याच कनेक्शनवरचे बदल कळवतो. बॅकग्राउंडमधल्या सिंकने स्वतःचं कनेक्शन उघडून शंभर ओळी लिहिल्या, तरी हा गप्प. अट न घालता अख्खं टेबल डिलीट केलं, तर बहुतेक वेळा ट्रंकेट ऑप्टिमायझेशन (एकेक ओळ न पुसता टेबल एकदम रिकामं करणं) लागू होतं आणि तेव्हाही गप्प. बोलतो तेव्हा कमिटच्या, म्हणजे बदल पक्का होण्याच्या आधी बोलतो, म्हणजे पुढे रोलबॅक होऊन बदल मागे घेतला गेला तर स्क्रीनवर कधीच न लिहिलेला डेटा. दुसऱ्या कनेक्शनने बदल केला का, हे डेटा व्हर्जन नावाच्या प्राग्माने, म्हणजे एस्क्यूलाइटच्या एका खास आदेशाने कळतं, पण ते आपण जाऊन विचारायचं.

अँड्रॉइडचं रूम, म्हणजे एस्क्यूलाइटवर बसणारी लायब्ररी, यातलं बरंच सांभाळतं, पण टेबलाच्या पातळीवर: त्यातली भलतीच ओळ बदलली तरी तुमची क्वेरी (डेटा मागणारा प्रश्न) पुन्हा चालते. कोअर डेटा या अ‍ॅपलच्या डेटा साठवायच्या फ्रेमवर्कमधलं बॅच अपडेट (एकदम अनेक नोंदी बदलणं) कॉन्टेक्स्टला, म्हणजे मेमरीतल्या प्रतीला वळसा घालून थेट डिस्कवरच्या स्टोअरमध्ये लिहितं. ते बदल कॉन्टेक्स्टमध्ये मर्ज केले नाहीत तर यादी जुनीच राहते. ब्राउझरची तऱ्हा आणखी वेगळी. लोकल स्टोरेज, म्हणजे ब्राउझरमधली साइटची साठवण, बदललं की स्टोरेज इव्हेंट (बदलाची सूचना) त्या साइटच्या इतर टॅबना मिळतो, बदल करणाऱ्या टॅबला नाही!

प्रत्येक सेव्हनंतर सगळं वाचण्याला माझा फारसा विरोध नाही. यादी छोटी असेल तर खुशाल करा. फक्त अर्धवट टाइप केलेला मजकूर पुसला जाणार नाही एवढं बघा. आणि जो बदल तुमच्या सेव्हमधून आलाच नाही, तो यात कसा सापडणार?

स्क्रीन आधीच बदलण्याचा सल्ला मात्र मला महागात पडला आहे. एका अ‍ॅपमध्ये मी बदलाआधीची स्थिती जपून ठेवायचो आणि सेव्ह फसलं की ती परत आणायचो. वापरणाऱ्याने मधल्या दोन सेकंदांत आणखी दोन बदल केले, पहिला फसला, आणि मी तिन्ही पुसले. डेटाबेसमध्ये दोन नीट होते, स्क्रीनवर एकही नाही. दोष शोधायला दोन दिवस गेले, कारण अ‍ॅप पुन्हा उघडलं की सगळं ठीक दिसायचं.

आता मी न पोचलेले बदल वेगळ्या यादीत ठेवतो. स्क्रीन म्हणजे साठवलेला डेटा आणि त्यावर ही यादी. फसलेला बदल यादीतून काढला की बाकीच्यांना धक्का लागत नाही. सेव्हची उत्तरं उलटसुलट क्रमाने आली तर आवृत्ती क्रमांक बघून जुनं उत्तर टाकून देतो.

ज्यांना ‘आपोआप’वर अजून विश्वास आहे, त्यांनी यादी उघडी ठेवून दुसऱ्या कनेक्शनमधून एक ओळ बदलावी आणि स्क्रीनकडे बघत बसावं.