माझं घड्याळ ऑटोमॅटिक झालं

कुडाळच्या बाजारात मी घड्याळ दिलं ते सेल बदलायला आणि जमल्यास सर्व्हिसिंगला. परत मिळालं तेव्हा डायलवर लिहिलं होतं, ‘ऑटोमॅटिक’.

घड्याळ सिकोचं, क्वार्ट्झ. ऐंशीच्या दशकात काकांनी मस्कतहून आणलेलं, वार इंग्रजीत आणि अरबीत दाखवणारं. मूळ डायल फिकट सोनेरी, सहाच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत मशीनचा नंबर. कडेला खाऱ्या हवेने पडलेले तपकिरी ठिपके. कोकणात पंख्यापासून कडीकोयंड्यापर्यंत सगळ्याला मीठ चढतं, मग घड्याळाने काय घोडं मारलं होतं? माझी त्या ठिपक्यांबद्दल तक्रार नव्हती.

“डाग होते म्हणून नवीन टाकली,” कारागीर भिंगातला डोळा न काढता म्हणाला. “सर्व्हिसिंगमध्येच धरलीय.”

“आणि जुनी?”

“केरात गेली.”

मी तोंड उघडणार एवढ्यात बाकड्यावरच्या एका गृहस्थांनी वकीलपत्र घेतलं. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक डोकावत होता. त्यांनी माझं घड्याळ हातात घेऊन उजेडाकडे धरलं.

“बरा दिसता मरे! आधी काय हुता?”

“क्वार्ट्झ.”

“आता ऑटोमॅटिक झाला. मगे वायट काय झाला?”

मी समजवायला गेलो. म्हटलं, अहो, वर काहीही लिहिलं तरी आतलं यंत्र तेच आहे. आत क्वार्ट्झचा स्फटिक असतो, तो सेलच्या विजेवर सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. सर्किट तो आकडा पंधरा वेळा निम्मा-निम्मा करतं, तेव्हा कुठे सेकंदकाटा एकदा पुढे सरकतो. ऑटोमॅटिकला सेलच नसतो. मनगट हललं की आतलं वजन फिरतं आणि चावी भरते.

“बत्तीस हजार? एका सेकंदाक?”

“हो.”

“मगे डायल खराब होतलीच!” ते कारागिराकडे वळले. “आयकलंस मा? केवढी ती धडधड!”

कारागिराने गंभीरपणे मान हलवली.

बरं, डायल नीट बसवलेली असती तरी एक वेळ गिळलं असतं. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात. हिचे जुळेनात म्हणून त्याने ते छाटून डायल सरळ चिकटवली होती, तीही वाकडी. सेकंदकाटा दर वेळी दोन खुणांच्या मधोमध टेकत होता. वाराच्या खिडकीत अरबी अक्षरं अर्धी कापली जात होती. हे मी दाखवलं.

“तुमका अरबी वाचूक येता?” गृहस्थ.

“नाही.”

“मगे अर्धा दिसला काय नि पुरा दिसला काय!”

यावर काय बोलणार? आपल्याकडे दुरुस्तीला दिलेली वस्तू होती तशी परत येईल तर शपथ. लाकडी खांबांचा सुरेख सभामंडप जीर्णोद्धाराला जातो आणि बाथरूमच्या टाइल्स लावून येतो. कौलं उतरतात, पत्रे चढतात, वर देणगीदारांच्या नावांची पाटी. कुणी हळहळला की त्यालाच विचारतात, “चकाचक झालंय ना? मग?” विचारायची पद्धतच नाही. जुन्या घड्याळांचे शौकीन मूळ डायल डागांसकट मागतात, बदललेली दिसली की भाव पाडतात, हेही मी सांगून पाहिलं.

“ठिपक्यांचे पैशे?” गृहस्थ इतके हसले की पिशवीतलं घड्याळ टण् करून वाजलं.

मी पैसे मोजले. सर्व्हिसिंगमध्ये धरलेली डायल बिलात वेगळी लावलेली होती, ती का, हे विचारायचं त्राण उरलं नव्हतं. तेवढ्यात गृहस्थांनी आपलं घड्याळ काउंटरवर ठेवलं.

“ह्याका पण ऑटोमॅटिक करून दी.”

कारागिराने लंबकाकडे पाहिलं. “बघूया,” म्हणाला आणि चिठ्ठी फाडली.

मी पायरी उतरलो तेव्हा मागून हाक आली, “ओ! हात हलवत रवा हां, नायतर बंद पडतला!”