नशीबच होतं, म्हणू द्या की!

पॅरिस ऑलिम्पिकमधली रविवारची (४ ऑगस्ट २०२४) हॉकीची उपांत्यपूर्व मॅच संपून दीड दिवस झाला, तरी माझा घसा अजून बसलेलाच आहे. आता बोलूनच टाकतो. ब्रिटनविरुद्ध आपण नशिबाने जिंकलो.

शिव्या घालायच्या आधी पुढचं वाचा.

शुक्रवारी ऑस्ट्रेलियाला ३-२ हरवलं, तो विजय कमावलेला. ऑलिम्पिकमध्ये १९७२नंतर पहिल्यांदाच. त्याला कुणी नावं ठेवून दाखवावीत. रविवारचं प्रकरण वेगळं होतं. १७व्या मिनिटाला आपल्या अमित रोहिदासची स्टिक समोरच्याच्या तोंडाला लागली आणि पंचांनी व्हिडिओ बघून थेट लाल कार्ड दिलं. मुद्दाम मारली असं मला दहादा रिप्ले बघूनही वाटत नाही, पण ते राहू द्या. पुढची ४३ मिनिटं आपण दहा जण.

सगळे ‘दहा जण, दहा जण’ करतायत, पण माझ्या पोटात गोळा आला तो निराळ्याच कारणाने. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे फाऊलबद्दल समोरच्यांना गोलजवळून मिळणारी संधी, अडवायला गोलकीपर धरून पाचच जण उभे राहतात. मैदानात दहा उरले काय आणि अकरा काय, तिथे फरक पडत नाही. पण त्या पाचांतला पहिला रशर कोण? रोहिदास! बॉल आत आला रे आला की ड्रॅगफ्लिक मारणाऱ्याच्या, म्हणजे बॉल स्टिकने ओढत गोलकडे फेकणाऱ्याच्या, अंगावर सुसाट धावत जाणारा, बॉल मांडीवर बसेल याची पर्वा न करणारा माणूस. नेमका तोच बाहेर. आणि ब्रिटनला कॉर्नरवर कॉर्नर मिळतायत. प्रत्येक वेळी मी सोफ्याची उशी तोंडावर धरायचो.

एकही आत गेला नाही. एकही!

आता याला बचाव म्हणा, आपला गोलकीपर श्रीजेश म्हणा, दोन्ही कबूल. २२व्या मिनिटाला एक माणूस कमी असताना हरमनप्रीतने मारलेला गोल तर कुणाच्या बापाची मेहेरबानी नव्हती. पण २७व्या मिनिटाला त्यांनी बरोबरी केल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आपण आपल्याच डीभोवती, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाभोवती, उभे होतो. असे सामने दहा वेळा खेळले तर आठ वेळा हरतो आपण. हे म्हटलं की लोकांना राग येतो, जणू मी पोरांच्या घामावर पाणी ओततोय. अरे बाबांनो, घाम गाळला म्हणून तर नशिबाला यायला जागा मिळाली.

आणि आपलं खातं काही रिकामं नाही. २००० साली सिडनीत पोलंडने शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी केली आणि आपली उपांत्य फेरी हुकली. २०१६ला रिओत जर्मनीने तीन सेकंद उरलेले असताना गोल घालून हरवलं. २०२३च्या वर्ल्डकपमध्ये न्यूझीलंडविरुद्ध ३-१ पुढे असून शूटआउटमध्ये गेलो. तेव्हा ‘नशीबच फुटकं’ म्हणून गळे काढणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो. मग आज दान आपल्या बाजूने पडलं, तर ते नशीब नाही, रणनीती? हे नाही चालणार.

रविवारी १-१ बरोबरीनंतर झालेल्या शूटआउटचं खरं सांगू? मी पाहिलंच नाही नीट. आठ सेकंदांत समोरून एकटा माणूस बॉल घेऊन येतो, गोलमध्ये आपला एकटा. श्रीजेश या ऑलिम्पिकनंतर निवृत्त होणार, म्हणजे हरलो असतो तर त्याची तीच शेवटची मॅच. ब्रिटनच्या विल्यमसनने बॉल वरून बाहेर घालवला तेवढं दिसलं. त्यांचाच रोपर निघाला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभा. कॉमेंटेटर किंचाळला, पण आनंदाने की दुःखाने ते कळेना. मागून बायकोचा आवाज आला, “अहो वळा, अडवलाय!” वळलो तोवर रिप्ले लागला होता. मग राजकुमार पालने घातला, ४-२.

म्हणजे या ऑलिम्पिकमधला श्रीजेशचा सर्वांत मोलाचा सेव्ह मी भिंतीचा रंग बघत काढला.

उद्या, मंगळवारी रात्री साडेदहाला उपांत्य फेरीत जर्मनी, पुन्हा तेच. रोहिदासवर एका सामन्याची बंदी कायम राहिलीय, म्हणजे पहिल्या कॉर्नरला पुन्हा दुसराच कुणीतरी धावणार. बायकोने आत्ताच बजावलंय, शूटआउट झालं तर तुम्ही भिंतीकडेच उभे राहा.