मधुमालती ‘तीन रंगांचं कलम’ नसते हो!

दोन दिवस झाले आमच्या जुळे सोलापूरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की मधुमालतीच्या एकाच गुच्छात पांढरी, गुलाबी, लाल फुलं दिसतात ती तीन वेलींचं कलम केल्यामुळं, आणि रंग टिकवायला मुळाशी तुरटी घालायची. दोन्ही चुकीचंय.

फूल एकच असतं, रंग त्याचा वयाप्रमाणं बदलतो. संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लालभडक. खात्री करायचीय तर आज संध्याकाळी एका पांढऱ्या फुलाच्या देठाला दोरा बांधा आणि परवा बघा, मी तेच केलं तेव्हा आमच्या हिचा विश्वास बसला. रात्री पांढऱ्यावर लांब सोंडेचे मोठे पतंग येतात, दिवसा गुलाबी-लालवर मधमाश्या, फुलपाखरं. म्हणून कुणी ‘तीन रंगांची’ म्हणून जादा पैसे मागितले तर देऊ नका.

तुरटी तर मुळीच नको, ती रंग बदलायची गोष्ट हायड्रेंजिया या दुसऱ्याच फुलझाडाची, कुणीतरी इकडं चिकटवलीय.

मधुमालतीला पाहिजे ऊन, ते आपल्याकडं फुकट आहे 😄 सावलीत नुसती पानं वाढतात. काळ्या मातीत कुंडी भरत असाल तर वाळू आणि शेणखत मिसळा, पाणी साचलं की मुळं कुजतात. नळाला रोज पाणी नसतं म्हणून घाबरू नका, जुनी वेल तग धरते, नवीन रोपाला मात्र एप्रिल-मेमध्ये बादलीभर राखून ठेवा. बहर सरला की छाटा, फुलं नव्या फुटव्यावरच येतात.