शरीर म्हणजे गाडी नव्हे

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज महिन्याभरात चार वेळा येऊन गेला. सार असं: शरीर म्हणजे गाडी, मेंदू म्हणजे ड्रायव्हर. 2045पर्यंत माणूस जुनी गाडी टाकून यंत्राचं शरीर घेईल. ते झिजणार नाही, पूर्णपणे आपल्या मालकीचं असेल आणि वेदना कायमची जाईल.

2045 हे साल कुणी हवेतून काढलेलं नाही. दिमित्री इत्स्कोव्ह या रशियन उद्योजकाने 2011मध्ये '2045 इनिशिएटिव्ह' हा माणसाला यंत्राचं शरीर देण्याचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा मुक्कामाचं साल म्हणून ते ठरवलं. ठरवलं म्हणजे जमलं असं नाही, एवढं तरी मेसेज पुढे ढकलताना लक्षात घ्यावं.

आता ड्रायव्हरचं बघू. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीर स्वस्थ असतानाही सुमारे 20 टक्के ऊर्जा एकटा खातो. ती त्याला रक्त पुरवतं. रक्ताच्या तांबड्या पेशी जगतात सुमारे 120 दिवस, आणि नव्या तयार होतात हाडांच्या मज्जेत. त्या रक्तातली साखर यकृत सांभाळतं, घाण मूत्रपिंड काढतं. मेंदू जिवंत ठेवायचा तर हा सगळा संसार ठेवावाच लागतो. 1982मध्ये अमेरिकेत बार्नी क्लार्क यांना कृत्रिम हृदय बसवलं. ते 112 दिवस जगले. हृदय शेवटपर्यंत चालू होतं, बाकीचे अवयव हरले. शिवाय अल्झायमर होतो तो मेंदूलाच. गाडी कोरी करकरीत आणली म्हणून ड्रायव्हर तरुण होत नाही.

'झिजणार नाही' हे वाचून मला माझे मामा आठवले. बावीस वर्षांपूर्वी अपघातात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. जयपूर फूट लावून ते शेतात जातात, सायकल चालवतात. 1968च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हा पाय घडवला, चिखलात चालणाऱ्या आणि मांडी घालून बसणाऱ्या माणसांसाठी. त्या दोघांचे उपकार आमचं घर विसरणार नाही. कृत्रिम अवयवांना माझा विरोध नाहीच. पण मामांचे आतापर्यंत कितीतरी पाय बदलून झाले. मूळ डाव्या पायाला काटा लागला, चिरलं, तर आठवड्यात भरून येतं. रबराला गेलेली चीर वाढतच जाते. आणि दिवसभरात स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, आक्रसतो, तो ज्यात बसतो ते सॉकेट सैल होतं, म्हणून दुपारी बांधावर बसून ते पाय काढतात, घाम पुसतात, आणखी एक मोजा चढवतात. जिवंत मांस आणि यंत्र जिथे भेटतात तिथली ही रोजची कटकट आहे, आणि ती एका पायाची आहे.

मालकीचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. 'आर्गस 2' नावाचं उपकरण होतं. डोळ्याच्या पडद्यावर 60 इलेक्ट्रोड, चष्म्यावर कॅमेरा. दृष्टी गेलेल्यांना त्यातून उजेड आणि आकार जाणवत. 2013मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, जगभरात साडेतीनशेच्या वर लोकांनी ते डोळ्यात बसवून घेतलं. सेकंड साइट या कंपनीने 2019मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं आणि 2020मध्ये ती दिवाळखोरीच्या काठावर आली. यंत्र डोळ्यात, आणि दुरुस्तीला विचारायचं कुणाला? मोबाइल कंपनी बुडाली तर आपण दुसरा फोन घेतो. या माणसांना ते यंत्र नुसतं काढायचं म्हटलं तरी पुन्हा शस्त्रक्रिया. डोळ्याचं हे झालं. अख्खं शरीरच कंपनीचं असेल, तर सुटे भाग बंद झाल्याच्या दिवशी त्या माणसाने काय करायचं, याचं उत्तर मेसेज लिहिणाऱ्याने आधी द्यावं.

राहिली वेदना. पाय तोडलेल्या बहुतेकांना नसलेल्या पायाची जाणीव होत राहते, अनेकांना तो दुखतोही. मेंदूतला पायाचा नकाशा पायाबरोबर जात नाही. थंडीत मामा अजून रात्री उठून बसतात. 'अंगठा ठणकतोय गं,' मामीला म्हणतात. हात खाली जातो आणि गोधडीच्या सपाट भागावर थांबतो. मामी उठते, तेल कोमट करते आणि गुडघ्याखाली जेवढा पाय उरलाय तेवढा चोळत बसते.