ताई, आधी ती बॅटरी कपाटातून बाहेर काढा

नमस्कार ताई,

ड्रोन बांधण्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना पोटात गोळा आला, कारण जाता जाता तुम्ही लिहिलंय, ‘ड्रोनची ती फुगलेली बॅटरी अजून मुलाच्या कपाटात, कपड्यांखाली पडली आहे.’ वाद मागाहून घालू. आधी ती बाहेर काढा, आजच. गार असेल तर अलगद उचलून गच्चीत कोरड्या मातीच्या कुंडीत ठेवा आणि वर कोरडी वाळू टाका. दाबायची नाही, टोचायची नाही, वायर कापायची नाही. गरम लागत असेल किंवा गोडसर वास येत असेल तर हातच लावू नका; सगळे खोलीबाहेर या आणि १०१ ला फोन करा. मिठाच्या पाण्यात बुडवा असं कुणीतरी सांगेलच. तेही नको. तिची तारांची टोकं गंजून जातात आणि आत चार्ज तसाच राहू शकतो.

झालं? आता बोलू.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून सांगतो. ‘ड्रोन विकत घेऊ नका, बांधा’ हा माझा लेख वाचून ताईंच्या मुलानं दिवाळीच्या सुट्टीत पाच इंची पंख्यांचा एफपीव्ही ड्रोन (कॅमेऱ्याचं चित्र डोळ्यावरच्या चष्म्यात बघत उडवायचा) बांधला. तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. बॅटरी जोडली आणि धूर निघाला. ताईंचं म्हणणं असं, की मी धोके लिहिले नाहीत, खर्च लपवला, त्यापेक्षा बाहेरून तयार ड्रोन मागवला असता तर बरं झालं असतं. आणि मला सगळ्यात लागलेलं वाक्य: ‘तुम्ही दुरुस्ती शिकवतो म्हणता, पण शिकवता खरेदीच.’

पहिला आरोप मान्य. माझ्या लेखात ‘आता बॅटरी जोडा’ एवढंच आहे. मी स्वतः मात्र नव्या ड्रोनला थेट बॅटरी कधीच जोडत नाही. आधी ड्रोनचे पंखे काढतो. बॅटरी न जोडता मल्टिमीटर बीपवर लावून ड्रोनच्या, बॅटरी जोडायच्या दोन टोकांवर धरतो. क्षणभर आवाज येऊन थांबला तर ठीक, तो कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरत असतो. सलग वाजत राहिला तर आत शॉर्ट आहे. मग बॅटरी आणि ड्रोन यांच्यामध्ये लाल वायरीत एक बल्ब घालतो: ट्रकच्या इंडिकेटरचा, २४ व्होल्ट २१ वॅटचा. कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळतो. गाडीचा १२ व्होल्टचा नको, सहा सेलची भरलेली बॅटरी २५.२ व्होल्ट देते. बल्ब एकदा लुकलुकून विझला किंवा मंद राहिला की निर्धास्त व्हायचं. लख्ख पेटून राहिला तर शॉर्ट आहे, पण एक अँपियरही वाहत नाही, त्यामुळे काही जळत नाही. बॅटरी सोडवायची आणि चूक शोधायची. इतक्या वर्षांत हे हाताच्या सवयीत गेलंय, म्हणून लिहायचं सुचलंच नाही. ही माझी चूक आणि तिची किंमत तुमच्या घरानं मोजली. मूळ लेखात मी हा भाग आज वर घातला आहे. (हाच बल्ब त्या फुगलेल्या बॅटरीला गच्चीतच जोडून ठेवायचा, देखरेखीखाली. पूर्ण विझला की बॅटरी जवळजवळ रिकामी. मग ई-कचऱ्यात द्यायची.)

धूर का निघाला असेल? तुम्ही लिहिलंय, घरातली जुनी २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न वापरली. माझा संशय तिथेच आहे. बॅटरीची काळी वायर जिथे बसते तो पॅड (बोर्डावरचा धातूचा ठिपका) बोर्डाच्या आतल्या रुंद तांब्याच्या थराला जोडलेला असतो. २५ वॅटची उष्णता तो थर पिऊन टाकतो. सोल्डर पसरत नाही, मण्यासारखं वर बसतं. मग मुलं काय करतात, अजून दाबून धरतात, अजून सोल्डर घालतात, आणि एक थेंब घरंगळत शेजारच्या पॅडवर जातो. चांगला डाग चकचकीत आणि उताराचा दिसतो; कच्चा डाग रवाळ, मळकट. इथे निदान ६० वॅटची आयर्न हवी, टोक चपटं, आणि फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा चिकट पदार्थ) सढळ हातानं.

दुसरी शक्यता जास्त आशेची आहे. धूर त्या नळकांड्यासारख्या कपॅसिटरमधून निघाला का, हे त्याला विचारा. त्याच्या अंगावर पट्टा असतो, ती बाजू ऋण. उलटा लावला तर फट्‌कन फुटतो आणि धूर एवढा होतो की सगळंच गेलं असं वाटतं. पुष्कळदा बोर्ड जिवंत असतो.

‘तयार मागवला असता तर’ याबद्दल. तसा मागवता येत नाही. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे ड्रोन आयात करायला बंदी आहे, तयारही आणि सुट्या संचाच्या रूपातही. संशोधन, संरक्षण, सुरक्षा एवढेच अपवाद. ड्रोनचे भाग मागवायला मात्र मोकळीक आहे. त्यामुळे ‘बांधा’ हा माझा काही रोमँटिक हट्ट नाही, आपल्याकडे या छंदाचा रस्ताच तिथून जातो.

आता खर्च आणि ते लागलेलं वाक्य. मी वही ठेवतो. लेखात ‘२१ हजारांत ड्रोन’ लिहिलं ते खरं, पण त्यात चष्मा, रिमोट, चार्जर आणि चार बॅटऱ्या नव्हत्या. त्या धरल्या की पहिला ड्रोन हवेत जाईपर्यंत ५२ हजार लागले. तुमचं वाक्य वाचून वही परत काढली. पहिल्या दोन वर्षांत दुरुस्तीला ११ हजार आणि अपग्रेडला २७ हजार. म्हणजे तुम्ही बरोबर आहात. बायको हेच सांगत होती, पण तिच्याकडे आकडे नव्हते.

त्या २७ हजारांतली एक कथा सांगतो. माझा ड्रोन हवेत थरथरायचा. वाटलं मोटरी वाईट, चार नव्या घेतल्या. थरथर तशीच. मग फ्रेम बदलली, तरीही तीच गत. शेवटी बीटाफ्लाइटमधली (ड्रोन सांभाळणारं सॉफ्टवेअर) उड्डाणाची नोंद काढून आलेख पाहिला तर गडबड जायरोपर्यंत (ड्रोनचं वळणं मोजणारा सेन्सर) पोचत होती, आणि ती पोचत होती कारण बोर्डाखालचे रबरी वॉशर मी स्क्रू आवळून आवळून पार चपटे केले होते. चार नवे वॉशर, अर्ध्या वळणानं सैल स्क्रू, संपलं. मोटरीचे पैसे गेले ते गेलेच.

चार सेलवरून सहा सेलवर जाण्याचं पण तसंच. कागदावर फायदा खरा आहे: १५०० एमएएचची चार सेलची आणि १००० ची सहा सेलची बॅटरी, दोन्हींत ऊर्जा सारखीच, साधारण २२ वॅट-तास. पण व्होल्टेज जास्त म्हणून करंट कमी, तारा आणि ईएससी (मोटरींचा वेग सांभाळणारा बोर्ड) कमी तापतात. मात्र २४०० केव्हीच्या (दर व्होल्टमागे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) मोटरी मग चालत नाहीत, १८०० च्या आसपासच्या घ्याव्या लागतात, ईएससीही तेवढा व्होल्टेज सोसणारा हवा. अंगरख्याला पागोटं, पागोट्याला जोडा, असं चालू होतं. आणि ज्या अपग्रेडनं खरा फरक पडला तो फुकट होता. बीटाफ्लाइट ४.१ मध्ये, २०१९ साली, मोटर किती वेगानं फिरतेय ते तिच्याकडूनच कळून तेवढीच थरथर गाळून टाकायची सोय आली. जुन्या स्वस्त ईएससीत ब्लूजे नावाचं मोफत फर्मवेअर भरलं की तीही सोय मिळते.

पण ताई, दुरुस्ती म्हणजे खरेदीच, हे मी मान्य करणार नाही.

मी उडवतो करमाळ्याकडे, ज्वारी निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या रानात. आपल्या काळ्या मातीत लोहखनिजाच्या बारीक कण्या असतात. ड्रोन एकदा पडला की मोटरीतले चुंबक त्या ओढून घेतात आणि मोटर खरखरते. नवी मोटर १७०० रुपये. मी सर्क्लिप (मोटरीचा दांडा अडवणारी कडी) काढतो, वरची घंटा (फिरणारं टोपण) ओढून वेगळी करतो आणि मुलीच्या खेळातली क्ले चुंबकावर दाबून कण्या टिपून घेतो. कुसळं बेअरिंगजवळ गेलेली असतात, ती चिमट्यानं काढतो. खर्च शून्य, फक्त मुलीची बोलणी खावी लागतात.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर येवल्याला होतो. पतंगांच्या दिवसांत ड्रोन उडवायचा नाही एवढी अक्कल होती. आठ दिवसांनी मळ्यात उडवला आणि बाभळीला लोंबणाऱ्या नायलॉन मांजात मोटर गुंतली. मोटर थांबली, ईएससी करंट देत राहिला, एक मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा चिमुकला भाग) उडाला. चार मोटरींचा ईएससी एकाच बोर्डावर, म्हणजे सगळा बोर्ड बाद असं दुकानदार म्हणाला असता. मी तो मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्यानं माझ्याच दुसऱ्या मेलेल्या बोर्डावरचा मॉस्फेट गरम हवेनं उचलून इकडे बसवला. ३०० रुपये आणि चहा. तो बोर्ड अजून उडतोय.

शेजाऱ्यांच्या तक्रारीबद्दलही तुम्ही लिहिलंय, त्यात दुमत नाही. पाच इंची ड्रोन सोसायटीत उडवायची वस्तूच नाही. रान हवं, सरकारच्या ड्रोन-नकाशावर हिरवा झोन हवा, १२० मीटरच्या आत राहायचं, आणि डोळ्यावर चष्मा असताना आकाशाकडे बघणारा सोबती शेजारी हवा. घारी घरट्यावर असतील तर त्या दिवशी डबा उघडायचाच नाही.

पाच इंचीनं सुरुवात करा हा माझा सल्ला मी मागे घेतो. आधी दोन महिने सिम्युलेटर, तोच रिमोट कॉम्प्युटरला जोडून. मग ६५ मिलिमीटरचा, एका सेलचा, तिशीतल्या ग्रॅमचा पिटुकला. तो छताच्या पंख्याला आपटला तरी पंख्याचं काही जात नाही.

राहिला तुमच्याकडचा बोर्ड. टाकू नका आणि नवा मागवूही देऊ नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढून इथेच पाठवायला सांगा. ट्यूबलाइटखाली नको, डागांवर चमक येते. सकाळी खिडकीशी धरून काढ म्हणावं, आणि कपॅसिटरचा पट्टा दिसेल असा एक वेगळा.