शंभरावं माकड होतंच कुठे?

काल मावशीचा फॉरवर्ड आला. "सर्व सजीव एकाच अदृश्य चेतनेने जोडलेले आहेत, विज्ञानानेही मान्य केलं!" खाली पाच मुद्दे आणि शेवटी हात जोडलेले. एरवी मी बघून सोडून दिलं असतं, पण हे वाचून तिने थायरॉइडची गोळी बंद केलीय, त्यामुळे आता लिहितोच.

पहिला मुद्दा माकडांचा. म्हणे जपानमधल्या एका बेटावर माकडं रताळी धुवून खायला लागली आणि शंभरावं माकड शिकलं त्या क्षणी लांबच्या बेटांवरची माकडं आपोआप धुवायला लागली. अहो, बेटाचं नाव कोशिमा, आणि तिथल्या माकडांवर जपानी संशोधक मासाओ कावाई यांचा १९६५ चा सविस्तर पेपर आहे, माकडागणिक नोंदी असलेला. १९५३ मध्ये इमो नावाच्या दीड वर्षाच्या मादीने रताळ्याची माती पाण्यात धुतली. मग तिच्या सवंगड्यांनी, तिच्या आईने. पुढे आयांकडून पिल्लांनी उचललं. पाच वर्षांनंतरही ११ मोठ्या माकडांपैकी फक्त २ धुवत होती, बाकीची म्हातारी मंडळी मातीसकटच खात होती! चेतना त्यांना वगळून गेली का? आणि कळस म्हणजे १९६२ मध्ये अख्ख्या कळपात माकडं होती ५९. मग शंभरावं आणलं कुठून? ही गोष्ट १९७९ मध्ये लायल वॉटसन या लेखकाने आपल्या पुस्तकात रंगवली आणि पुढे स्वतःच कबूल केलं की तुटपुंज्या पुराव्यावर आणि ऐकीव गोष्टींवर रचलेलं हे रूपक आहे. ही कबुली मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. दुसरीकडेही एखाददुसरं माकड रताळी धुताना दिसलं होतं, हे खरंय. पण इमोला सुचलं ते दुसऱ्या माकडाला सुचू नये असं थोडंच आहे?

झाडांना आपले विचार कळतात म्हणे. १९६६ मध्ये बॅक्स्टर नावाच्या अमेरिकन लाय डिटेक्टर तज्ज्ञाने झाडाला लाय डिटेक्टर लावला होता, तो हा किस्सा. इतरांनी नीट काळजी घेऊन तसाच प्रयोग केला, काही हाती लागलं नाही, १९७५ मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत छापून आलंय. संपला विषय.

झाडं बुरशीच्या जाळ्यातून जोडलेली असतात... बरं, यात थोडं तथ्य आहे, मान्य. १९९७ मध्ये सुझान सिमार्ड या वनशास्त्रज्ञ बाईंनी जंगलात एका झाडाचा कार्बन दुसऱ्या जातीच्या झाडात गेलेला दाखवला. पण कार्बन गेला हो, भावना नाही.

चौथा मुद्दा क्वांटमचा, गुंतलेल्या कणांसारखी आपली मनंही जोडलेली असतात म्हणे. या क्वांटमवाल्यांना एवढंच सांगतो की गुंतलेल्या (म्हणजे लांब असूनही ज्यांची मोजमापं एकमेकांशी जुळतात अशा) कणांवरच्या प्रयोगांना २०२२ चं नोबेल मिळालंय ते खरंच, पण त्या गुंत्यातून साधा निरोपसुद्धा पाठवता येत नाही, मनातलं काय पोचवणार.

पाचवा मुद्दा: आजार म्हणजे या चेतनेशी तुटलेला संपर्क, संपर्क जोडा, गोळ्या सुटतील. हा लिहिणारा समोर हवा होता. मावशी म्हणाली, "चार दिवस झाले, मला काही झालं नाही बघ." होणार कसं? त्या गोळीतलं थायरॉक्सिन हे हार्मोन शरीरात निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, चार दिवस ती आधीच्याच गोळ्यांवर चालतेय. थकवा, सूज, बद्धकोष्ठता हे सगळं सावकाश येईल आणि तोवर तिने हा मेसेज अजून दहा जणींना पाठवलेला असेल. मी तिला हेच सांगितलं तर म्हणाली, "तुझी ऊर्जा फार निगेटिव्ह आहे रे." आज संध्याकाळी जाऊन गोळ्यांची पट्टी तिच्या हातात देणार आहे.